वस्तीच्या एसटी गाडीला सेन्सर लावा, आणि वाडीला आधी कळू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिना आला की तुमच्या पेपरात दरवर्षी बातमी असते, मान्सूनपूर्व आढावा बैठक झाली, बोटी किती, लाईफ जॅकेट किती, जेसीबी कुठल्या घाटात उभे ठेवायचे, एनडीआरएफची टीम कधी येणार. हे सगळं पाहिजेच, २०२१ च्या पुरात ज्यांनी माळ्यावर बसून पाणी उतरायची वाट बघितली त्यांना एका बोटीची किंमत माहितीये. पण हे झालं पाणी आल्यानंतरचं. पाणी चढतंय किंवा वरची माती सुटायला लागलीये हे वाडीतल्या माणसाला तासभर आधी कोण सांगणार, हा विषय त्या बातमीत फारसा दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांब झालंय, पण शक्यतो कापू नका.

माझं चिपळुणात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. दिवसभर फोन उघडून बसतो, त्यामुळे त्यात काय काय असतं ते रोज हाताखालून जातं. साध्या फोनमध्येसुद्धा हालचाल ओळखणारी चिप असते, फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ती तिच्यामुळे. जीपीएस असतं, माईक असतो, महागातल्या काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर पण असतो (दहा-बारा हजारांच्या फोनमध्ये सहसा नसतो). म्हणजे मोजायची यंत्रं घरोघरी आहेत, एसटीत आहेत, बोटीवर आहेत, फक्त ती एकमेकांना आणि आपल्या पावसाला जोडलेली नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे, कोकणात जे रोज फिरतंच आहे त्याच्याकडूनच माहिती घ्या आणि तिच्यावरून निघालेला इशारा वाडीत आधी पोचवा, ऑफिसात नंतर गेला तरी चालेल.

एका जागी खांब रोवून बसवलेली यंत्रं नकोत असं मी म्हणत नाही. महावेध प्रकल्पात महसूल मंडळाला एक हवामान केंद्र बसवलं, चांगलं काम झालं ते. पण एका मंडळात कितीतरी गावं आणि आपल्याकडे डोंगराच्या या अंगाला चार थेंब तर त्या अंगाला पऱ्या दुथडी, हे कुणाला सांगायला नको. २६ जुलै २००५ आठवा, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७४ च्या आसपास. सपाट मुंबईत ही गत तर सह्याद्रीच्या कुशीत काय होत असेल. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटरची नोंद झाली, सावित्रीचा उगमच तिथला, म्हणजे ते पाणी पोलादपूर-महाडकडे येणारच. तळीयेवर दरड आली ती त्याच दिवशी. इकडे चिपळुणात वाशिष्ठी बाजारपेठेत घुसली, वर पाऊस, कोळकेवाडी धरणाकडून येणारं पाणी आणि खालून खाडीची भरती, तिन्ही एकदम. आणि मोबाईलवर इशारा काय येतो, तर रत्नागिरी जिल्ह्यात ऑरेंज अलर्ट किंवा रेड अलर्ट. मंडणगडपासून राजापूरपर्यंत सगळ्यांना तोच. माणूस बघतो, बाहेर भुरभुर असते, फोन खिशात टाकतो.

दुसरं म्हणजे यादी. कुठली गावं दरडप्रवण आहेत याची यादी असते आणि यंत्रं बसवायची झाली की ती यादी बघूनच बसवणार. पण इर्शाळवाडी, जिथे १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला, ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती असं सरकारनंच तेव्हा विधिमंडळात सांगितलं. खांब फक्त यादीतल्या गावाला मिळाला असता तर इर्शाळवाडीला मिळालाच नसता. म्हणून फिरतं, हलवता येईल असं काहीतरी लागतं, जे यादीत नसलेल्या ठिकाणाहूनसुद्धा जातं येतं.

आता माळीण आठवा. ते आंबेगाव तालुक्यातलं, कोकणातलं नाही, पण डोंगर तोच सह्याद्री. ३० जुलै २०१४ च्या सकाळी अख्खं गाव मातीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली, आणि बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कुणी सांगितलं? एसटीच्या ड्रायव्हरनं. रोजच्या फेरीला तो तिकडून गेला तर गाव जागेवर दिसेना. रडार, सॅटेलाईट, कंट्रोल रूम सगळं होतं, पण बातमी आली ती रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्या माणसाकडून. मला तेव्हापासून वाटत आलंय की आपलं सगळ्यात मोठं फिरतं सेन्सर नेटवर्क लाल रंगाचं आहे आणि ते आपण नुसतं तिकीट फाडायला वापरतोय.

विशेषतः वस्तीची गाडी. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, संध्याकाळी डेपोतून निघते, शेवटच्या गावाला रात्री मुक्काम करते आणि पहाटे परत येते. म्हणजे धोक्याच्या वेळेला, रात्री, ती गाडी नेमकी डोंगराच्या पायथ्याला उभी असते, बॅटरीसकट, आणि दोन जाणती माणसं सोबत. जाताना कुठल्या साकवाला पाणी टेकलंय, कुठल्या वळणावर लाल चिखल रस्त्यावर यायला लागलाय, कुठे विजेचा पोल कालच्यापेक्षा वाकलाय, हे कंडक्टर-ड्रायव्हरला न विचारता कळत असतं. एसटीच्या गाड्यांना जीपीएसचं ट्रॅकर बसवायला २०१९ पासून सुरुवात झाली, आणि एआयएस-१४० म्हणून जो नियम आहे त्यानुसार १ जानेवारी २०१९ नंतरच्या नव्या सार्वजनिक प्रवासी गाड्यांना ट्रॅकर आणि पॅनिक बटण असायलाच लागतं. म्हणजे डबा आहे, त्यात सिम आहे, त्याला वायरिंग आहे. त्याच्या शेजारी चार बटणं द्या: पाणी रस्त्यावर, दरड, झाड पडलं, रस्ता खचला. ड्रायव्हरनं थांबून एक बटण दाबलं की जागा आणि वेळ आपोआप गेली. फोन लावायचा नाही, रेंजची वाट बघायची नाही, रेंज आली की डबा स्वतः पाठवेल.

पावसाचं मोजमाप पण गाडीवरून होतं, हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ॲन आर्बर शहरात गाड्यांच्या वायपरवरून पाऊस कुठे पडतोय त्याचा नकाशा काढला, २०१९ ला ते प्रसिद्ध झालं. आपला साधा पर्जन्यमापक धावत्या गाडीवर चालणार नाही, त्यात पळीसारखं छोटं भांडं असतं, भरलं की कलंडतं आणि किती वेळा कलंडलं त्यावरून मिलिमीटर काढतात, ते आपल्या रस्त्यावर खड्ड्याखड्ड्याला कलंडत राहील आणि आकडा खोटा येईल. पण वायपर कुठल्या स्पीडला आहे, काचेवर किती थेंब आहेत हे वाचता येतं. अचूक आकडा नको, हलका, जोराचा आणि फार जोराचा एवढं कळलं तरी एका खोऱ्यात दहा गाड्या फिरत असतील तर ढग कुठे अडकलाय ते दिसेल. आणि गाडी वस्तीला उभी राहिली की मग खरा पर्जन्यमापक लावायला काय हरकत आहे, तेव्हा ती हलत नसते.

अजून एक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. मोबाईलचे टॉवर एकमेकांशी मायक्रोवेव्हनं बोलतात (जिथे फायबर पोचलेली नाही तिथे), आणि मधे पाऊस आला की सिग्नल कमजोर होतो. किती कमजोर झाला त्यावरून मधे किती पाऊस पडतोय ते काढता येतं. इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे दाखवलं आणि २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या लोकांनी अशा टॉवरच्या लिंकवरून अख्ख्या देशाचा पावसाचा नकाशा काढला. यात नवीन यंत्र एकही लागत नाही, कंपन्यांनी आपल्याकडचे आकडे हवामान खात्याला द्यायला लागतात एवढंच. कोकणात ज्या डोंगरावर पर्जन्यमापक नाही त्या डोंगरावर टॉवर मात्र आहे.

फोनबद्दल थोडं स्पष्ट लिहितो, कारण दुकानात येणारे लोक मला विचारतात की ॲप टाकलं की दरड कळेल का. नाही कळणार. भूकंप कळतो, गुगलनं अँड्रॉइड फोनच्या हालचालीच्या चिपवरून भूकंप ओळखायची सोय २०२० मध्ये सुरू केली आणि भारतात २०२३ मध्ये आणली, फोन चार्जिंगला स्थिर पडलेला असतो तेव्हा तो हादरा ओळखतो, आजूबाजूच्या पुष्कळ फोननी एकदम तेच सांगितलं तर इशारा सुटतो. कोयनेच्या शेजारी राहणाऱ्यांना, ज्यांच्या घरात ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण अजून निघते, त्यांना हे कामाचं आहे. पण त्यावर सगळं सोडून चालत नाही, फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला तेव्हा या यंत्रणेनं त्याची ताकद फार कमी धरली आणि सगळ्यात वरच्या पातळीचा इशारा फक्त ४६९ जणांना गेला, हे गुगलनंच २०२५ मध्ये मान्य केलं. दरडीचं तर वेगळंच आहे, माती तासन् तास हळूहळू सरकते, फोनला ते जाणवत नाही. त्याला जमिनीतला ओलावा आणि कल मोजणारं यंत्रच लागतं. ते आपल्या देशात आहे. केरळात मुन्नारला अमृता विद्यापीठानं जमिनीत खोल सेन्सर घालून वायरलेस नेटवर्क उभं केलं, आयआयटी मंडीच्या लोकांनी स्वस्तातलं यंत्र बनवून हिमाचलात कोटरोपीला बसवलं, माती हलली की रस्त्यावर हॉर्न वाजतो, दिवा लागतो आणि मेसेज जातो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं जुलै २०२४ मध्ये कोलकात्याला राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू केलं, पण सुरुवात दार्जिलिंग, कालिम्पोंग आणि निलगिरीपासून झाली. तळीये, पोसरे, इर्शाळवाडी झाल्यावर आपल्या खासदार-आमदारांनी रायगड आणि रत्नागिरीसाठी हट्ट धरायला नको का?

आणि फोनचा खरा उपयोग माणसाच्या डोळ्याला जोडून आहे. विहिरीचं पाणी अचानक गढूळ झालं, जिथे कधी झरा नव्हता तिथे जमिनीतून पाणी फुटलं, पडवीच्या जमिनीला नवी भेग गेली, दार चौकटीत अडकायला लागलं, आंब्याचं झाड कललं, ही सगळी डोंगर सरकायची लक्षणं आहेत आणि ती बघते कोण, तर घरातली बाई, गुराखी, पाणी सोडणारा माणूस. त्यांनी फोटो काढला तर तो आज वाडीच्या ग्रुपवर पडतो आणि गुड मॉर्निंगच्या फुलांखाली जातो. तोच फोटो जागेसकट तहसीलच्या नकाशावर गेला आणि त्याच खोऱ्यातल्या तीन गाड्यांनी फार जोराचा पाऊस सांगितला, तर तिथे माणूस पाठवायला अजून कसली वाट बघायची? आशाताई, पोलीस पाटील, कोतवाल यांना हे शिकवायला एक दुपार पुरेल. लक्षणं चित्रासकट छापून प्रत्येक शाळेत आणि एसटीच्या निवारा शेडमध्ये लावा.

कोकण रेल्वेकडून पण शिकण्यासारखं आहे. त्यांनी पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक केलं, गाड्यांचा वेग कमी केला, रत्नागिरीजवळच्या पनवल पुलावर वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आहे, माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा स्टेशनांवर आपोआप नोंद घेणारे पर्जन्यमापक आहेत आणि काळ, सावित्री व वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाणी वाढलं की इशारा देणारी यंत्रणा आहे. शिवाय पावसात रात्रीबेरात्री रुळावरून चालत गस्त घालणारे गँगमन, त्यांच्याएवढा भरवशाचा सेन्सर दुसरा नाही. आता विचार करा, वाशिष्ठीच्या रेल्वे पुलावरचा पाण्याचा आकडा दर दहा मिनिटांनी पेठमापच्या, गोवळकोटच्या, खेर्डीच्या माणसाला फोनवर दिसला तर? सावित्रीचा महाडच्या व्यापाऱ्याला दिसला तर? माल वर चढवायला, म्हातारी माणसं हलवायला तास-दीड तास मिळाला तरी पुष्कळ. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल गेला, दोन एसट्या त्यात गेल्या, अंधारात पुढे पूल नाही हे ड्रायव्हरला दिसायला काही मार्गच नव्हता. पुलाला बसवलेलं कंपनाचं यंत्र आणि येणाऱ्या गाडीतला डबा एकमेकांशी बोलत असते तर मागच्या गाडीला थांब म्हणता आलं असतं.

समुद्राकडे एक चांगलं काम सुरू झालंय ते सांगायलाच पाहिजे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते मच्छीमार नौकांवरच्या ट्रान्सपॉन्डरची योजना सुरू झाली, इस्रोनं तयार केलेलं तंत्र, देशभरात १ लाख नौकांना बसवायचं ठरलं. मोबाईलची रेंज जिथे संपते तिथे सॅटेलाईटवरून मेसेज जातो आणि येतो पण. ११ नोव्हेंबर २००९ चं फयान वादळ ज्यांनी बघितलंय त्या हर्णै, मिरकरवाडा, मालवणच्या लोकांना विचारा, त्या दिवशी समुद्रात असलेल्या खलाशापर्यंत एक ओळ पोचली असती तर काय झालं असतं. पण मला वाटतं नौकेकडून यायची माहिती पण घ्या. तिथला वारा, हवेचा दाब, लाटा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, पण बरीच वादळं येतात ती मे मध्ये आणि ऑक्टोबर ते डिसेंबरात, तेव्हा याच बोटी सगळीकडे पसरलेल्या असतात. फयान नोव्हेंबरचं, ओखी डिसेंबरचं, तौक्ते मे मधलं. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, वारा फिरल्याचं आधी कळतं, त्याचं म्हणणं हैदराबादच्या इन्कॉइसपर्यंत (समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र) जायची सोय त्या डब्यात करा.

लोटे, महाड, तारापूरच्या एमआयडीसीच्या कडेला राहणाऱ्यांसाठी पण हेच. रात्री डोळे चुरचुरायला लागले की लोक एकमेकांना फोन करतात, तुझ्याकडे पण वास येतोय का. फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर जपानात क्योटो विद्यापीठानं तिथल्या नेहमीच्या प्रवासी बसवर किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं बसवली आणि बस फिरेल तसा नकाशा तयार होत गेला, सेफकास्ट नावाच्या गटातल्या साध्या नागरिकांनी स्वतःच्या गाड्यांवरून तेच केलं. आपल्याकडे कंपनीच्या कामगारांना ने-आण करणाऱ्या बसेस तीन शिफ्टमध्ये एमआयडीसीला फेऱ्या मारतात. त्यांच्यावर अमोनिया, क्लोरीन ओळखणारे सेन्सर लावले आणि आकडे ग्रामपंचायतीच्या बोर्डावर दिसले तर वास कुठून आला हा वाद तरी उरणार नाही.

आता सगळ्यात अवघड भाग, ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलतो. लाईट गेली की काही तासांत टॉवरची बॅटरी उतरते, घाटात दरड आली की डिझेल पोचत नाही, आणि मग सगळे फोन विटा होतात. निसर्ग वादळात ३ जून २०२० ला आणि पुढे कित्येक दिवस श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडच्या चाकरमान्यांना मुंबईतून घरच्यांचा आवाज ऐकायला मिळत नव्हता. सेल ब्रॉडकास्ट चांगली सोय आहे, टॉवरवरून सुटलेला इशारा त्या टॉवरखालच्या सगळ्या फोनना एकदम जातो, नंबर लागत नाही, लाईन जाम होत नाही, २०२३ मध्ये सरकारनं चाचणीचा मेसेज पाठवला तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले ते आठवत असेल. पण टॉवर मेला की तोही गेला. म्हणून वाडीत टॉवरवर न अवलंबणारं काहीतरी पाहिजे. लोरा नावाचं रेडिओ तंत्र आहे, आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला लायसन्स लागत नाही, छोट्या बॅटरीवर पुष्कळ दिवस चालतं, एक डबा दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला निरोप देतो. घाटामुळे अंतर कमी मिळतं हे खरं, समोर डोंगर आला की सिग्नल अडतो, म्हणून मधल्या टेकडीवर, देवळाच्या कळसाजवळ, शाळेच्या छपरावर एकेक डबा लागेल. वस्तीची गाडी वाडीत पोचली की तिच्यातला डबा पण त्याच साखळीत जोडला जाईल. शेवटच्या डब्याला भोंगा. मोबाईल नसलेल्या आजीला पण ऐकू गेला पाहिजे.

खोटा इशारा जास्त वेळा वाजला तर लोक उठायचे बंद होतात, ही भीती मला पण आहे. म्हणून एका यंत्राच्या भरवशावर भोंगा नको, पाऊस, माती आणि माणूस यातल्या दोघांनी सांगितलं तरच वाजवा, आणि का वाजला, पुढे काय झालं ते दुसऱ्या दिवशी गावाला सांगा. आणि लोकांच्या फोनमधली जागा आपत्तीशिवाय कशाला वापरणार नाही हे लेखी द्या, नाहीतर कोण ॲप चालू ठेवेल.

मागणी अशी की पुढच्या पावसाळ्याआधी चिपळूण, खेड आणि महाड या तीन डेपोंच्या वस्तीच्या गाड्यांवर हे करून बघा. सगळा कोकण एकदम नको. बटणाचा डबा, काचेवरचा सेन्सर, आणि ज्या गावात गाडी मुक्कामाला असते तिथे एक भोंगा. आकडे लपवू नका, सगळ्यांना दिसतील असे ठेवा. देखभालीचे पैसे आत्ताच धरा, कारण बसवायच्या उद्घाटनाला गर्दी असते आणि दोन वर्षांनी बॅटरी बदलायला कुणी नसतं, खाऱ्या हवेत आणि दमटपणात कनेक्टर हिरवे पडतात, ते दर पावसाळ्याआधी साफ करावेच लागतात. त्यासाठी बाहेरून इंजिनिअर बोलवायची गरज नाही. आयटीआयची पोरं आहेत, प्रत्येक बाजारात आमच्यासारखे रिपेअरवाले आहेत. चिपळूण डेपोच्या गाड्यांचं फिटिंग आणि पहिल्या पावसाळ्याची दुरुस्ती मी माझ्या दुकानातून मजुरी न घेता करून देईन, एसटीनं आणि तहसील कार्यालयानं फक्त परवानगी द्यावी. माझा नंबर तुमच्या ऑफिसात देऊन ठेवतोय.

कळावे,
एक मोबाईल दुरुस्ती दुकानदार, चिपळूण